रखमाकाकीचा चिखल

या लेखात एका बाईंचं नाव येणार नाही. दादरच्या एका समाजविज्ञान केंद्राच्या त्या प्रमुख आहेत, नावाच्या आधी डॉक्टर आहे, नंतर तीन पदव्या आहेत, आणि केंद्राच्या जिन्यात त्यांचा शाल पांघरलेला फोटो आहे. तरी नाव येणार नाही. त्यांना इथे 'सतरा' म्हणायचं, ही रखमाकाकीची अट आहे. चोवीस वर्षांपूर्वी या बाईंनी काकीचं नाव काढून टाकलं आणि तिला सतरा नंबर दिला. काकी म्हणाली, तो नंबर मी कधी वापरला नाही, अजून कोरा आहे, तिचा तिला परत कर.

केला परत.

मी लांज्याच्या शाळेत शिकलो, रत्नागिरीला बीए झालो आणि या केंद्रात संशोधन साहाय्यक म्हणून लागलो. माझ्या इंग्रजीला तिथे सगळे सांभाळून घेत, म्हणजे मला बोलू देत नसत. दोन हजार सात साली केंद्राला परदेशातून एक भला मोठा प्रकल्प मिळाला. विषय होता ज्ञानाचं निर्वसाहतीकरण आणि निसर्गकेंद्री समाजविज्ञान. साहेबांनी शिकवलेल्या पद्धती खाली ठेवायच्या, माणसाकडे माहितीचं पोतं म्हणून बघायचं नाही, आणि झाड, खाडी, पाखरं यांनाही काही कळतं असं धरून चालायचं, असं त्याचं सार. मला ते मनापासून पटलं, आजही पटतं. फक्त ते समजावण्यासाठी जे दोन दिवसांचं शिबिर झालं ते अख्खं इंग्रजीत झालं, आणि खाडीला कुणी बोलावलं नव्हतं. सतरा त्यात म्हणाल्या की चिखल हा आपला सहसंशोधक आहे. टाळ्या पडल्या. चिखलाचं मत कुणी घेतलं नाही.

मला काम मिळालं ते जुन्या कॅसेटी ऐकून कागदावर उतरवायचं. त्र्याऐंशी साली, म्हणजे गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, सतरा तरुण होत्या आणि खांद्याला टेपरेकॉर्डर लावून गिरणगावात हिंडल्या होत्या. 'संपाचा स्त्रियांवरील परिणाम' असा अहवाल त्यातून झाला होता आणि त्या अहवालातून सतराबाईंची डॉक्टरकी. सतराव्या कॅसेटवर एक बाई बोलत होती. बोलत कसली, मजेत होती. शिवडीच्या खाडीतल्या चिखलात आपण रोज उतरतो, शिंपल्यांतल्या तिसऱ्या, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आणतो, आणि चाळीतल्या नऊ खोल्यांत वाटतो, असं ती सांगत होती. खोल्या तिने एकेक करून मोजल्या, कुणाला काय आवडतं तेही सांगितलं. मग तरुण सतरांनी विचारलं, हे करताना लाज वाटते का? बाई एवढी हसली की टेप फाटल्यासारखा आवाज आला. म्हणाली, "लाज कसली? चिखल हा म्हणून संप हा. नायतर कधीच गेले असते सगळे आत." म्हणजे चिखल आहे म्हणून संप टिकलाय, नाहीतर सगळे संप मोडून गिरणीच्या आत गेले असते.

मी कपाटातून अहवाल काढला. तिथे माहितीदार क्रमांक सतरा ही उपाशी होती, हतबल होती, आणि जगण्याचे सर्व मार्ग खुंटल्याने घाणीतून अन्न वेचत होती. नऊ खोल्या गायब. हसणं गायब. एक फोटो मात्र होता, चिखलात वाकलेल्या बाईचा.

मी सतरांना कॅसेट ऐकवली. त्यांना तो आवाज कुणाचा ते आठवलं नाही, पण आनंद झाला. म्हणाल्या, हेच तर आपण शोधतोय, निसर्गाशी नातं असलेलं ज्ञान. शोध या बाईंना.

शोधायला काही लागलं नाही. शिवडी नाक्याजवळच्या चाळीत पहिल्या मजल्यावर ती दारात बसून तिसऱ्या निवडत होती. साठीला आलेली, सडपातळ, पिंढऱ्या मात्र कुस्तीगिराच्या. मी केंद्राचं नाव सांगितलं, संमतीपत्र पुढे केलं आणि शिबिरात शिकवलेलं वाक्य म्हटलं की ज्ञान तुमचं आहे, आम्ही फक्त ऐकणार. तिने हातातली तिसरी परातीत टाकली.

"मशीनवाली बाई," ती म्हणाली. "जिती आसा मा?"

मी म्हटलं, हो, जिवंत आहेत, आता त्याच प्रमुख आहेत.

"बरां झालां," काकी म्हणाली, आणि मला आत बसवून चहा दिला. एवढ्या प्रेमाने माझ्या कामाचं स्वागत आजवर कुणी केलं नव्हतं. ते प्रेम माझ्यावर नव्हतं, हे समजायला मला दोन चहा लागले.

रखमाकाकी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावची. चिखल तिला आईने शिकवला. लग्न होऊन मुंबईत आली ती लवूकाकाच्या मागून. लवूकाका परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता, म्हणजे मागांवर. संप सुरू झाला, महिने उलटले, गावाला जाणारे गावाला गेले. लवूकाका गेला नाही. काकी एक दिवस शिवडीच्या धक्क्यावर आली, ओहोटीचा चिखल बघितला आणि साडी वर खोचून उतरली. शिवडीच्या कोळीवाड्यातल्या गुणवंतीने तिला तिथेच पकडलं. हा चिखल कोळणींचा होता. गुणवंतीने भांडण काढलं नाही, समोर बसून राहिली आणि म्हणाली, वेच, मी बघते. काकीने वेचलं, आणि उठायच्या आधी टोपलीतली बारकी पिल्लं सगळी पुन्हा चिखलात दाबली, तोंडं वर करून, तिच्या आईने शिकवलं होतं तशी. तेव्हा गुणवंती म्हणाली, ये उद्यापास्नं. ही काकीची परीक्षा. तिच्यात नापास होणाऱ्यांत आमचं केंद्र अख्खं येईल.

वर्षभर ती नऊ खोल्यांना जेऊ घालत होती. खोली नंबर चारमध्ये तुळशीदास राहायचा. हा चाळीतल्या संपवाल्यांचा म्होरक्या, आवाज खणखणीत, सभेत पुढे. त्याच्या मुलाला निवट्यांचं कालवण लागायचं, त्याशिवाय तो भाताला हात लावत नसे. काकी रोज वाटी पोचवायची. तिला वाटायचं, संप चालवणाऱ्यांत आपणही एक आहोत. कुणी तसं म्हणत नव्हतं, पण वाटी रिकामी होऊन परत यायची.

मग सतरा आल्या. ऐकून गेल्या, फोटो काढून गेल्या. दोन महिन्यांनी तो फोटो एका साप्ताहिकात छापून आला आणि खाली ओळ होती, भुकेपोटी घाण उपसणारी संपकरी कामगाराची पत्नी. कुणीतरी ते कात्रण गिरणीच्या गेटावर डकवलं. तिथे रोज चारशे माणसं उभी राहायची. लवूकाका त्यांत होता. चारशे माणसांनी कात्रण बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं.  दीड वर्ष टिकलेला माणूस चौथ्या दिवशी पोलिसांच्या गाडीमागून गेटाच्या आत गेला.

तुळशीदासने त्याचं नाव ठेवलं 'आतला'. आतला लवू. ते चिकटलं. नळावर, जिन्यात, गणपतीत, सगळीकडे. चाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी पुरुष बसायचे, तिथली लवूकाकाची जागा गेली. पुढे संप गेला, गिरण्या गेल्या, आत गेलेले आणि बाहेर राहिलेले एकाच रस्त्यावर आले, नावं मात्र जिथल्या तिथे राहिली. आणि काकीने जेव्हा नळावर उभं राहून विचारलं की माझ्या हातचं खाल्लं त्याचं काय, तेव्हा नऊच्या नऊ खोल्या म्हणाल्या, आम्ही उपास काढले, चिखल नाही खाल्ला. घाण खाल्ली असं कोण कबूल करणार? कात्रणातच छापलं होतं, ती घाण होती म्हणून.

काकी हे सगळं सांगत होती तेव्हा लवूकाका आत पलंगावर बसून होता. कानाने कमी ऐकतो, पण ऐकायचं ते ऐकतो. एकदाच म्हणाला, "सोड गो ता." काकीने सोडलं नाही. चोवीस वर्षं तिने ते लोणच्यासारखं मुरवलं होतं, आता बरणी कोण बंद करणार?

मी तिला सांगितलं की कॅसेट अजून आहे, नऊ खोल्या तिच्यात आहेत. तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, माहिती देते. हवी तेवढी देते. पण घरात बसून नाही. त्या बाईने स्वतः चिखलात उतरायचं, आणि दिवस मी सांगेन तो.

सतरा हरखल्या. हीच तर पद्धत, त्या म्हणाल्या, देहाने शिकणं. त्यांनी रविवार सुचवला. काकीने कळवलं, खाडी रविवार पाळत नाही, वद्य द्वितीयेला सकाळी साडेसहाला या. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी लांबवर ओसरतं आणि परत येतं तेव्हा घाईने येतं. मला हे नंतर कळलं. सतरांकडे भरतीचं छापील वेळापत्रक होतं, त्यात आकडे होते, घाई नव्हती.

मार्गशीर्षातली सकाळ. उजाडता उजाडता आम्ही धक्क्यावर. दूर फ्लेमिंगोंची गुलाबी रांग चिखलात चोची खुपसून उभी होती आणि धक्क्यावर चारपाच माणसं हातभर लांब कॅमेरे लावून बसली होती. काकीने त्यांच्याकडे हनुवटीने दाखवलं आणि सतरांना विचारलं, ही पाखरं काय खातात? सतरा म्हणाल्या, चिखलातलंच, शेवाळ, किडे. काकी म्हणाली, "त्यांका बघूक लोक येतत. मी खाल्लंय तर घाण."

सतरांनी ते लगेच वहीत लिहिलं.

मला काकीने दगडांवरच थांबवलं. रेकॉर्डर चालू ठेव, म्हणाली, आणि मध्ये बोलायचं नाही. स्वतः एक लांब फळी पुढे सरकवत, त्यावर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल मागे सारत ती निघाली. सतरांना सांगितलं, माझ्या मागून या, पाय घसटत, थांबू नका. सतरा चप्पल काढून, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून मागे निघाल्या. आणि जमत होतं त्यांना. वीस पंचवीस पावलं अगदी नीट गेल्या. मला थोडं वाईटच वाटलं.

मग काकी फळीवर बसली आणि एका जागी बोट दाखवून म्हणाली, "ही दोन भोकं बघा, डोळ्यांसारखी. इथे खाली तिसरी असते. एकच भोक असेल तर चिंबोरी. लिहून घ्या बाई."

सतरा थांबल्या आणि लिहू लागल्या.

चिखलात चालणारा बुडत नाही, थांबणारा बुडतो. हे शिवडीतली पाच वर्षांची मुलगी जाणते. पण ऐकताना थांबून लिहायचं, ही सवय फक्त आमच्या जमातीची. काकीने चोवीस वर्षांपूर्वी ती बघून ठेवली होती. तिने सतरांना हात लावला नाही, ढकललं नाही, खोटं एक अक्षर सांगितलं नाही. ती फक्त माहिती देत राहिली. कुठल्या तिथीला पाणी कुठवर जातं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाणी नीट हटत नाही म्हणून काय करायचं. निवटी उडी कुठल्या बाजूला मारते. मासे कमी झाल्यापासून चिखलाचा वास कसा बदलला, तेल कुठल्या वाऱ्याने येतं. अशी माहिती आमच्या केंद्राला तीस वर्षांत मिळाली नव्हती. सतरा लिहीत होत्या आणि घोट्यापासून पोटऱ्या, पोटऱ्यांपासून गुडघे, असं खाली जात होतं. मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. रेकॉर्डर चालू होता, ही माझी सबब.

पान उलटताना सतरांना पाय हलवावासा वाटला. तो हलला नाही. दुसरा उपसायला गेल्या तर पहिला मांडीपर्यंत गेला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मी अडकले वाटतं. काकी म्हणाली, "वाटतं नाही, अडकलात. पाणी यायला अजून वेळ आहे. तोवर माझे पण थोडे प्रश्न आहेत."

आणि तिने विचारायला सुरुवात केली, मालवणीत नाही, सतरांच्याच शुद्ध मराठीत, त्याच सुरात. त्र्याऐंशीच्या प्रश्नावलीतले प्रश्न तिला क्रमाने पाठ होते. घरातील एकूण व्यक्ती किती? सतरा म्हणाल्या, दोन, मी आणि आई. काल रात्री काय जेवलात?

"सूप," सतरा म्हणाल्या. "आणि टोस्ट."

"लिही रे," काकी माझ्याकडे बघून म्हणाली. "आहार अपुरा."

पती मारहाण करतात का? सतरा म्हणाल्या, माझं लग्न झालेलं नाही.

"लिही. आधार कुणाचा नाही."

सतरांनी सांगायचा प्रयत्न केला की आपण स्वतःहून लग्न केलं नाही, सुखात आहोत, घर स्वतःचं आहे. काकीने ते पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मला म्हणाली, सुखात आहे असं सांगते, पण डोळ्यांत पाणी. वारं बोचरं होतं, डोळ्यांत पाणी होतंच. मी लिहिलं. माझ्या नोकरीतलं सर्वात निर्मळ असं ते लिखाण होतं, असं म्हणायला मला लाज वाटत नाही.

दूरच्या गुलाबी रांगेत चुळबुळ झाली. पाखरं किनाऱ्याकडे सरकू लागली होती, त्यांच्या मागून पाणी येत होतं, आवाज न करता, चिखलाच्या चिरांमधून. सतरांनी ते पाहिलं. वही छातीशी धरून त्या म्हणाल्या, रखमाताई, आता मला बाहेर काढा.

"नाव ठाऊक हा तर," काकी म्हणाली. मग कमरेची प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून कात्रण काढलं आणि सतरांसमोर धरलं. "हो फोटो तुम्ही काढलात. आता सांगा. माझो घोव आत कित्याक गेलो?"

घोव म्हणजे नवरा आणि कित्याक म्हणजे कशाला, एवढं सतरांना कळत होतं; त्यांनी कात्रण पाहिलं, काकीकडे पाहिलं.

"कुठे आत?" त्यांनी विचारलं.

 काकीने चोवीस वर्षं सगळ्याची तयारी केली होती. बाई खोटं बोलेल, बाई रडेल, बाई इंग्रजीत काहीतरी समजावेल. बाईला माहितीच नसेल, हे तिच्या हिशेबात नव्हतं. कात्रण गेटावर लागलं हे सतरांना ठाऊक नव्हतं. लवू नावाचा माणूस ठाऊक नव्हता. फोटो आपण काढला हेही त्यांना खालचं नाव वाचून कळलं.

काकीने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, गेट, कात्रण, चार दिवस, आतला. पाणी फळीला लागलं होतं.

सतरा म्हणाल्या, "मला वाटलं, लोकांना दया आली तर मदत येईल."

"मदत नाय इली," काकी म्हणाली. "कात्रण इलां."

मग तिने आपली मागणी सांगितली. सतरा म्हणाल्या, मी लिहीन, नवीन अहवालात सगळं दुरुस्त करीन, तुमच्या नावासकट. काकी म्हणाली, लिहायचं नाही. लिहिलेलं चाळीत कुणी वाचत नाही, आणि वाचतात तेव्हा काय होतं ते बघितलंय. आत्ता, अशीच, चाळीत चल आणि सगळ्यांसमोर ती कॅसेट वाजव. मशीन त्या झिलाच्या, म्हणजे माझ्या, हातात आहे आणि कॅसेट त्याने त्यातच भरून आणलीय. सतरांनी हो म्हटलं. पाणी मांडीला लागलेलं माणूस हो म्हणतं, हे काकीलाही कळत होतं, म्हणून तिने दोनदा म्हणवून घेतलं.

काढलं तिने पाच मिनिटांत. वही टाका, म्हणाली, आणि फळीवर पालथ्या पडा, पाय ओढू नका, वळवळा. सतरा वही सोडेनात. काकी थांबून राहिली. शेवटी वही गेली, चांगली साठ पानं भरलेली, आणि मग बाई बाहेर आली. तिथीची, भोकांची, वाऱ्याची सगळी माहिती चिखलातच राहिली. माझा रेकॉर्डर तेवढा कोरडा होता. त्यातलं कुणाला द्यायचं ते काकी ठरवते, आणि अजून तिने कुणालाच दिलेलं नाही.

धक्क्यावर चढल्यावर मी खिशातून कॅमेरा काढला. मला वाटलं, आता हेच हवं असणार, कमरेपर्यंत काळ्याकुट्ट सतरा. काकीने माझा हात खाली केला. "फोटो नको," म्हणाली. "फोटोत चिखल घाण दिसता."

शिवडी नाक्यापर्यंत आम्ही चालत गेलो. पुढे टोपली घेऊन काकी, मध्ये अनवाणी सतरा, मागे मी. दूधवाले, शाळेची पोरं, हॉटेलातला भांडी घासणारा, सगळे बघत होते. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं असावं. काकीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि नळावर पाय धुवायला थांबू दिलं नाही.

चाळीत सकाळच्या पाण्याची वेळ होती, म्हणजे झाडून सगळे बाहेर. कट्ट्यावर तुळशीदास पेपर घेऊन बसला होता, सत्तरी उलटलेला, आवाज मात्र तोच. काकीने लवूकाकाला हाक मारून बाहेर आणलं आणि दारात खुर्चीवर बसवलं. मग सतरांना म्हणाली, सांगा. सतरा अंगावर चिखल वाळत असताना म्हणाल्या की मी त्र्याऐंशी साली इथे आले होते, या बाईंनी मला एक सांगितलं आणि मी दुसरंच लिहिलं. त्यांनी काय सांगितलं ते आता ऐका. चांगलं बोलल्या. माईक नसताना त्या इतकं सोपं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

मी रेकॉर्डर लावला. गॅलरीत तरुण रखमाचा आवाज निघाला. नऊ खोल्या, एकेक. खोली एकमध्ये तिसऱ्यांचं सुकं लागतं. खोली दोनच्या म्हातारीला चिंबोरीचा रस्सा, दात नाहीत म्हणून. खोली चार, तुळशीदास, पोराला निवट्या, रोज वाटी, आणि तो स्वतः म्हणतो, वैनी तुझ्या चिखलाने तारलं. मग लाजेचा प्रश्न, आणि ते हसणं, आणि चिखल हा म्हणून संप हा.

नळ चालू राहिला होता. बादली भरून वाहत होती, कुणी बंद केला नाही.

खोली दोनची सून, जी तेव्हा नव्याने आलेली होती, ती हळूच म्हणाली, आम्ही खाल्लं होतं. मग खोली सात. मग बाकीचे खाली मान घालून. तुळशीदास पेपरची घडी घालत बसला, एकदा, दोनदा, शेवटी ती इतकी बारीक झाली की घालायला काही उरलं नाही.

"खाल्लं," तो म्हणाला. "सगळं वर्ष खाल्लं."

काकी कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. तिने विचारलं, मग नाव कुणी ठेवलं? तुळशीदास म्हणाला, मी. मग म्हण, ती म्हणाली, आता त्यांना काय म्हणतोस ते सगळ्यांसमोर म्हण. तुळशीदासने लवूकाकाकडे बघितलं. चोवीस वर्षं ज्या तोंडाने 'आतला' म्हटलं, त्या तोंडाला दुसरं नाव सापडायला वेळ लागला.

"लवू," तो म्हणाला. "खाली ये. बस."

काकी लगेच वळली आणि लवूकाकाला म्हणाली, "जाव नको. चोवीस वर्सां ते बसले, आता त्यांका उभे रवांदे."

मला ते पटलं. चाळीतल्या निम्म्या बायकांना पटलेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सतरांनासुद्धा पटलं असावं. फक्त लवूकाका खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, कठडा धरत जिना उतरला, एकेका पायरीवर थांबत, आणि कट्ट्यावर जाऊन बसला. तुळशीदासने सरकून जागा केली.  थोड्या वेळाने लवूकाकाने तो घडी घातलेला पेपर मागितला आणि चष्मा नसताना वाचू लागला.

काकी वरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान शोधायला गेलेल्याला तिथे काही मिळालं नसतं. सतरांनी तिच्या हाताला हात लावायचा प्रयत्न केला, तिने हात टोपलीकडे नेला. मी विचारलं, काकी, झालं ना मनासारखं?

"ह्यांचां झालां," ती म्हणाली. "माझां नाय झालां."

आणि ती आत जाऊन चूल पेटवू लागली, कारण त्या सकाळच्या तिसऱ्या अजून टोपलीत होत्या आणि खोली चारची वाटी, ती म्हणाली, आताही पाठवायची नाही.